आपोआप सुरू होणारं गाणं

दक्षा वाचनालयात आली तेव्हा दुपार होती. पेपर वाचणारी मंडळी जेवायला गेली होती आणि मी एकटाच मागच्या कपाटाला वाळवीचं औषध लावत होतो. तिने चपला दाराबाहेर काढल्या, आत आली आणि टेबलाजवळ उभी राहिली. अंगात रिसॉर्टचा निळा कोट तसाच होता.

"काका, आजीचं गाणं बंद करता येईल का?"

"कुठलं गाणं?"

"तुमच्या साइटवरचं."

"ते बंदच असतं. कोणी बटण दाबलं तरच वाजतं."

"मग आमच्याकडे आपोआप कसं वाजतं?"

मी हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि तिला बसायला सांगितलं.

डहाणूला समुद्राच्या रस्त्यावर चिकूच्या वाडीत एक रिसॉर्ट आहे. दक्षा तिथे काउंटरवर बसते. पालघर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्या लोकांनी नवीन वेबसाइट करून घेतली. साइटचं पहिलं पान उघडलं की दक्षाच्या आजीचा, बुधीबाईचा, आवाज सुरू होतो. कोणी खोल्यांची चौकशी करायला फोन केला की दक्षा पान उघडते आणि तिची आजी देवांना हाका मारू लागते. दक्षा खोल्यांच्या पानावर जाते, हाक मध्येच तुटते. ती परत पहिल्या पानावर येते, हाक पुन्हा पहिल्यापासून.

"मला सवय झाली होती," दक्षा म्हणाली. "ऐकूच येत नव्हतं म्हणा ना. पण परवा आजी आली."

बुधीबाई डोळे दाखवायला डहाणूच्या दवाखान्यात आली होती. दक्षाची ड्युटी संपेपर्यंत काउंटरसमोरच्या बाकावर बसली. तेवढ्यात सुरतेचं एक कुटुंब आलं आणि मॅनेजरने त्यांना दाखवायला म्हणून पान उघडलं.

"आजी उठून उभी राहिली. आधी वर पंख्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. काका, ती चौक शोधत होती."

आमच्या भागात वारल्यांच्या लग्नघरात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यात पालघट देवी असते. चौकासमोर धवलेरी बसते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई; भटजी नाही, पोथी नाही, सगळं लग्न तिच्या गाण्यावर लागतं. गाण्यात ती देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते आणि त्यांना चौकात बसवते. बुधीबाई तलासरीच्या बाजूच्या पाड्यांत कित्येक वर्षं धवलेरी होती. तिने लावलेल्या लग्नांतली मुलं आता स्वतः लग्नाची झाली होती.

"मग काय म्हणाली?"

"तिथे काही नाही. बसमध्ये पण एक शब्द बोलली नाही. घरी गेल्यावर आईला म्हणाली, पोरीच्या लग्नात मी बोलावणार नाय. दुसरी बघा."

दक्षाचं लग्न शिमग्यानंतर ठरलं होतं. मुलगा वाणगावकडचा, संदीप नावाचा, कारखान्यात नोकरीला. दुसरी धवलेरी बघा म्हणणं सोपं होतं. जवळच्या पाड्यातली एक मरण पावली होती, दुसरी मुलाबरोबर वापीला राहायला गेली होती आणि तिचे दात गेल्यापासून शब्द कळत नव्हते. संदीपच्या घरचे म्हणत होते, भटजी आणू, तासाभरात काम होतं.

"मला आजीच पाहिजे," दक्षा म्हणाली. "ती सगळ्यांच्या पोरींना गायली. माझ्याच वेळेला नाही, असं कसं?"

ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "गाणं तुमच्या साइटवरूनच घेतलंय. तुमचं नाव पण आहे खाली, बारीक अक्षरात."

* * *

ते गाणं मी टिपलं तेव्हा दक्षा आश्रमशाळेत आठवीला होती. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. आता निवृत्त आहे. पण माझ्या जागी कोणाला नेमलं नाही, म्हणून जातो. तेव्हा कोणीतरी दिलेल्या पुस्तकांत वेब पानं कशी लिहावीत याचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते कोणी घरी नेईना, शेवटी मीच नेलं. त्यावरून वाचनालयाची साइट बनवली. ती चांगली झाली असं मला कधीच वाटलं नाही, पण चालत होती.

मग वाटलं, आपल्या तालुक्यांतली गाणी तिच्यात असावीत. हायवेच्या बसने तलासरीला आणि तिथून सहाआसनी रिक्षाने मी बुधीबाईच्या पाड्यावर गेलो. अंगणात नाचणी पाखडत बसली होती. मी काय विचारलं ते तिने नीट ऐकून घेतलं. मला ती मास्तर म्हणायची. मी कधी कोणाला शिकवलेलं नाही हे मी दोनदा सांगितलं, तिने दोनदा मान डोलावली आणि पुढेही मास्तरच म्हटलं.

"बिनलग्नाचं मी गाणार नाय," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्याला शुक्राच्या पोरीचं लगीन हाय. तिथं ये. तिथं धर काय धरायचं ते."

शुक्रा तिचा शेजारी. त्याची हरकत नव्हती. मी गेलो आणि लग्नात माझं आवाज टिपायचं छोटं यंत्र तिच्या गुडघ्याजवळ ठेवलं. घरची बाई आली, तिने बुधीबाईचा हात धरून चौकासमोर बसवलं आणि म्हणाली, "बाय, बोलव." तेव्हा गाणं सुरू झालं. पहाटेपर्यंत चाललं. यंत्रात मावला तो सुरुवातीचा भाग, देवांना बोलावण्याचा. कणसरी, हिरवा, नारणदेव, पालघट. कोण कुठल्या डोंगरावरून निघालं, कुठे नदी आडवी आली, कोणाचा घोडा थकला, सगळं त्यात होतं.

सकाळी बुधीबाई ताडीचा पेला हातात धरून ओट्यावर बसली होती. तिने यंत्राकडे बोट दाखवलं.

"हे कवा बोलंल?"

"कोणी मागितलं तर."

"कोणी नाय मागितलं तर?"

"तर गप्प बसेल."

"आन मागितलं तर किती येळा?"

"एकदाच. पुन्हा पाहिजे असेल तर पुन्हा मागावं लागेल."

तिने विचार केला. "बघ हां. बोलावलं की ते येतात. आन आले, तर बसायला जागा नको? लगीन कुठं म्हणून विचारतील. काय सांगशील?"

मी म्हटलं, तुमची अट मी गाण्याबरोबर लिहून ठेवतो.

आणि लिहिली. वेबच्या पानात बाहेरची वस्तू बसवायची असली, गाणं म्हणा, चित्रफीत म्हणा, तर त्या काळी 'ऑब्जेक्ट' नावाची एक खूण घालत. तिच्या पोटात 'पॅरम' नावाच्या छोट्या छोट्या ओळी. प्रत्येक ओळीला एक नाव आणि एक किंमत. आत बसवलेल्या वस्तूने कसं वागायचं ते या ओळी सांगतात. मी दोन ओळी लिहिल्या. एकीचं नाव ऑटोस्टार्ट, म्हणजे आपोआप सुरू होणं. किंमत फॉल्स, म्हणजे नाही. दुसरीचं नाव लूप, म्हणजे संपलं की पुन्हा, किंमत फॉल्स. पुढच्या खेपेला मी बुधीबाईला सांगितलं की तुमची अट लिहिली आहे, यंत्र ती पाळतं. तिने एवढंच विचारलं, "तुझं यंत्र तुझं ऐकतं?" मी हो म्हटलं. खरं तर ते ऐकतं याचं मलाही नवल वाटायचं.

* * *

दक्षा गेल्यावर मी रिसॉर्टच्या साइटच्या तळाचं बारीक अक्षर वाचलं. बनवणारा नविन होता. डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर क्लास. मुलगा हुशार आहे. दहावीला असताना वाचनालयात येऊन अभ्यास करायचा आणि माझ्याकडून पंखा वाढवून घ्यायचा.

"या काका, या. आज तुम्ही आमच्या म्युझियममध्ये. नाही, म्युझियम तर तुमचं." तो हसला आणि क्लासच्या एका मुलीला खुर्ची द्यायला सांगितलं. "अजून नोटपॅडमध्ये लिहिता ना पानं?"

"हो."

"मी सगळ्यांना सांगतो, अख्ख्या डहाणूत हाताने कोड लिहिणारा एकच माणूस. गाण्याचं बघितलंत ना? सगळ्यांना आवडलं. तुमचंच कोड आहे ते, जसंच्या तसं उचललं. फक्त दोन शब्द बदलले."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या ओळी मला ओळखू आल्या. ओळींच्या आधी मी सोडतो तेवढी जागाही तशीच होती. ऑटोस्टार्ट, ट्रू, म्हणजे हो. लूप, ट्रू.

"नविन, ते फॉल्स होतं."

"माहीत आहे. पण गेस्टला काय माहीत बटण दाबायचं असतं ते? पान उघडलं की स्वागत व्हायला पाहिजे. वेलकम साँग आहे ना ते?"

"नाही."

"लग्नाचंच आहे ना? मग मंगलच झालं."

मी त्याला बुधीबाईची अट सांगितली. मला नीट सांगता येत नाही, घाईघाईने सांगितली. देव येतात, त्यांना बसायला जागा लागते, असं भर बाजारात झेरॉक्स मशीनच्या आवाजात बोलताना माझेच कान तापले. नविनने मात्र थट्टा केली नाही.

"काका, पण तुम्ही अट गाण्यात घातलीच नव्हती."

"घातली होती. या बघ ओळी."

"ह्या पानात आहेत. गाण्यात नाहीत." त्याने पेन्सिलने स्क्रीनवर दाखवलं. "गाणं ही वेगळी फाइल. तिला काही माहीत नसतं, तिला फक्त वाजता येतं. कसं वाजायचं ते ज्याच्या पानात बसवलं तो सांगणार. तुमच्या पानात तुमची अट. रिसॉर्टच्या शेठच्या पानात शेठची."

एवढी साधी गोष्ट होती. पुस्तकात ती पहिल्याच परिच्छेदात होती, मी ती वाचली होती, तिच्याखाली रेघसुद्धा मारली होती. पण इतकी वर्षं मी असंच धरून चाललो होतो की बुधीबाईचा शब्द गाण्याला बांधलेला आहे आणि गाणं जाईल तिथे तो जाईल.

"मग बदल ना. दोन शब्दच तर आहेत."

"दोन सेकंदांचं काम. पण शेठला विचारल्याशिवाय नाही. तुम्ही विचारा. तुमच्या वयाचा मान ठेवतील."

घरी येऊन मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्या चालत नाहीत हे मला ठाऊक असायला हवं होतं. गाण्याची फाइल अजून वाचनालयाच्याच जागेवर होती. रिसॉर्टचं पान ती तिथून ओढत होतं. मी फाइलचं नाव बदललं, आमच्या पानातही नवं नाव घातलं. रिसॉर्टचं पान उघडून बघितलं. शांत. मी बराच वेळ त्या शांत पानासमोर बसलो. पार्श्वभूमीला समुद्र आणि झोपाळा होता.

दुसऱ्या दिवशी नविनचा फोन आला. "काका, तुमच्याकडून लिंक तुटली होती. घाबरू नका, तुमच्या पानावर नवं नाव दिसलं, मी फाइल उतरवून शेठच्याच सर्व्हरवर ठेवली. आता तुमच्याकडे काही झालं तरी अडत नाही."

मी त्याला थँक्यू म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

* * *

शेठकडे जाताना रिक्षात मी वाक्यं पाठ केली होती. काउंटरवर दक्षा होती. तिने मला ओळख दाखवली नाही; नुसती मान हलवली, तीही इतकी कमी की मला कळावी आणि दुसऱ्या कोणाला कळू नये. गाणं तिच्या आजीचं आहे हे इथे कोणाला माहीत नव्हतं. तिला नोकरी टिकवायची होती.

शेठ भला माणूस होता. उठून उभा राहिला. "बेसो, बेसो काका. चा पियो. वाचनालयाला काय पाहिजे? पंखे?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. अर्ध्यावर विसरलो, परत पहिल्यापासून म्हटलं.

शेठने मनापासून ऐकलं. "म्हणजे देवाचं गाणं आहे."

"हो."

"मग सारखं वाजलं तर चांगलंच ना? आमच्या घरी मंत्राची पेटी आहे. सकाळी माझी बा प्लग लावते, रात्री काढते. दिवसभर चालू. घरात शांती राहते. मला तर माहीतच नव्हतं देवाचं आहे म्हणून. मी समजलो भाताचं-बिताचं गाणं असेल." त्याने हात जोडले, खरोखर जोडले. "आता तर काढणारच नाही."

मी म्हटलं, या देवांचं तसं नसतं. त्यांना बोलावलं की ते येतात.

"येऊ द्या. कोण नाही म्हणतो? रिसॉर्ट आहे, जागा भरपूर."

तो आपल्याच विनोदावर हसला आणि मग काळजीने म्हणाला, "त्या गाणाऱ्या आजी आहेत ना अजून? त्यांना घेऊन या. शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. काउंटरसमोर बसून गातील तर गेस्टला काय आवडेल."

दक्षाने रजिस्टरमधून मान वर केली नाही.

पुढच्या पंधरवड्यात मी आणखी एकदा जाऊन आलो, तेव्हा शेठ मुंबईला होता. मग एके दिवशी दक्षाचाच फोन आला. गाणं बंद झालं होतं. अहमदाबादच्या एका गिऱ्हाइकाने ऑफिसात बसून साइट उघडली, गाणं मोठ्याने सुरू झालं आणि साहेबासमोर त्याची फजिती झाली. त्याने शेठला तक्रार लिहिली. शेठने नविनला फोन केला. दोन सेकंदांचं काम झालं. आता पानावर एक बटण होतं; दाबलं तर गाणं, नाहीतर नाही.

"काका, आजीला तुम्हीच सांगा," दक्षा म्हणाली. "तुमचं ऐकेल."

तलासरीच्या बसमध्ये मी खुशीत होतो हे कबूल केलं पाहिजे. हायवेच्या धाब्यांच्या पाट्या, अर्ध्या गुजरातीत अर्ध्या मराठीत, मी एकेक वाचत गेलो. मोहाची फुलं गळायला लागली होती आणि पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन सकाळीच झाडांखाली गेल्या होत्या. बुधीबाई एकटीच ओट्यावर होती. एका डोळ्यावर ऑपरेशनचं हिरवं फडकं होतं.

"मास्तर हाय क?"

"हो बाई. गाणं बंद झालं."

"बरं झालं." तिने बाजूची गोधडी सरकवली. "कोणी सांगितलं म्हणून बंद केलं? तू सांगितलं?"

इथे हो म्हटलं असतं तर कदाचित सगळं सुरळीत झालं असतं. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं. पण ते एका गिऱ्हाइकाला त्रास झाला म्हणून बंद झालं."

बुधीबाई हसली. तोंडावर पदर धरून बराच वेळ हसत राहिली.

"गिऱ्हाइकाला त्रास झाला. बघ. आन हिरव्याला झाला नाय? नारणदेवाला झाला नाय? तिथं त्याचं नाव अर्ध्यात तोडलं, माझ्या कानांनी ऐकलं मी. अर्ध्या नावाचा देव कुठं जाईल?"

"आता ते थांबलंय."

"बोलावणं थांबलंय. गेलेलं बोलावणं माघारी येतं क?" तिने बोटांनी हवेत काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "इतकी येळा बोलावलं. दर येळी आले असतील. चौक नाय, नवरी नाय, एक दाणा तांदळाचा नाय. टेबल आन खुर्च्या. आता मी हाक मारली तर म्हणतील, ती खोटी बाय बोलावते परत. तू गेला असतास?"

मी गोधडीचा कोपरा सरळ केला.

"तू तर गेला असतास," ती म्हणाली. "तू चा प्यायलाबी नाय म्हणत नाहीस."

निघताना मी दक्षाचं नाव काढलं. तेव्हा तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "माझी नात हाय ती, तुझी नाय. मला नको सांगू."

* * *

लग्नाला मी गेलो. दक्षाने स्वतः येऊन बोलावलं होतं. भटजी आणायचा नाही यावर ती अडून बसली होती. आजी भरल्या मांडवात नाही म्हणणार नाही, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणजे तसं वाटून घ्यायचं होतं.

उन्हं कलायला लागली होती. मांडवाला जांभळाचे टहाळे होते आणि त्यांच्यापलीकडे संदीपच्या मित्रांनी आणलेले काळे स्पीकर. आतल्या भिंतीवर चौक ओला होता. पालघटीच्या चारी बाजूंनी पिठाच्या रेघा, कोपऱ्यात फणी, शिडी, घोडा. बुधीबाई खांबाला टेकून बसली होती. नवं लुगडं नेसली होती. ते बघून मला धीर आला.

दक्षाची आई पुष्पा आली. तिने सासूचा हात धरला.

"बाय, बोलव."

बुधीबाई उठली नाही. हात सोडवूनही घेतला नाही. तसाच सुनेच्या हातात राहू दिला.

"बाय, बोलव," पुष्पा पुन्हा म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

घरात बायका गप्प झाल्या. मग मांडवातली माणसं गप्प झाली. हळदीने पिवळी झालेली दक्षा आजीकडे बघत होती. कोणीतरी खोकलं. संदीपकडची एक बाई म्हणाली, "आम्ही म्हणत होतो भटजी आणा," आणि तिच्या नवऱ्याने तिला कोपर मारलं.

तेव्हा सुदामला सुचलं. सुदाम संदीपचा भाऊ, चांगला मुलगा, सकाळपासून पाणी वाहत होता. तो म्हणाला, "थांबा थांबा, आजींना त्रास नको. माझ्याकडे आहे." त्याने मोबाइल काढला. स्टेशनबाहेरच्या नविनच्या दुकानातून त्याने मेमरी कार्ड भरून आणलं होतं. तारप्याचे नाच, गुजराती गरबे, आणि त्यातच हे. त्याने स्पीकरची वायर मोबाइलला जोडली.

बुधीबाईचा सात वर्षांपूर्वीचा आवाज मांडवात उभा राहिला. केवढा मोठा होता तो. सगळे देव डोंगरांवरून निघाले. माणसं सैल झाली. म्हाताऱ्या बायका मान डोलवू लागल्या, दोघीतिघी मागून म्हणूही लागल्या. कोणी कोणाला म्हणालं, "आयडिया चांगली केली पोराने." खांबाशी बसलेली बाई आणि स्पीकरमधली बाई एकच आहेत हे जणू सगळे विसरले. मी बुधीबाईकडे बघत नव्हतो, चौकाकडे बघत होतो.

गाणं जिथे माझं यंत्र भरलं होतं तिथे तुटलं. एक क्षण काहीच नाही. मग ते पहिल्यापासून सुरू झालं.

कणसरी पुन्हा निघाली. हिरव्याचा घोडा पुन्हा थकला.

"मास्तर," बुधीबाई म्हणाली. स्पीकरच्या आवाजातही मला ते ऐकू आलं. "तिला सांग एकदाच म्हणून. तू लिवलं होतंस ना?"

मी सुदामकडे गेलो. मोबाइल त्याच्या हातात होता. मी म्हटलं, हे थांबव. त्याला ऐकू गेलं नाही, त्याने कान पुढे केला. मी मोबाइलवरची बटणं बघितली, मला त्यांतलं एकही कळलं नाही. पडद्यावर कसलातरी गोल बाण होता. माझ्या पानातली ओळ मी डोळे मिटून बदलली असती. इथे ओळच नव्हती.

दक्षा उठली. नवरीने चौकासमोरून उठायचं नसतं, बायका ओरडल्या. ती हळदीच्या पायांनी मांडवातून आली आणि तिने वायर ओढली. नारणदेवाचं नाव अर्ध्यात तुटलं.

त्या शांततेत बुधीबाई गायला लागली.

आवाज फार लहान होता. आधी कोणाला कळलंच नाही. मग पुष्पाच्या चेहऱ्यावर आनंद आला, तिने दक्षाला खूण केली, ये, बस, आजी गाते आहे. दक्षा धावत येऊन बसली. दोन ओळी झाल्या. मग म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे बघून मला कळलं.

ही बोलावण्याची गाणी नव्हती. लग्न लागून गेल्यावर, सगळं उरकल्यावर धवलेरी देवांना माघारी घालवते, तो शेवटचा भाग ती गात होती. ज्याला त्याला त्याचा डोंगर दाखवत होती. पालघटीला म्हणत होती, इथं काही नाही, तुला फुकट चालवलं, जा. प्रत्येकाचं नाव पुरं घेत होती.

"आजी, माझं लागायचंय अजून," दक्षा म्हणाली. "आजी. त्यांना कशाला घालवतेस?"

बुधीबाईने नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाणं न थांबवता गात राहिली. एक देव गेला की श्वास घ्यायची, मग पुढचा. मध्येच एकदा गाण्याबाहेर, साध्या आवाजात म्हणाली, "थकलेत गं ते. जाऊ दे."

कोणीतरी संदीपच्या बापाला बाजूला घेऊन वाणगावच्या भटजीचा नंबर विचारत होतं.

माझ्याजवळ सुदामने मोबाइल वर धरला होता. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. तो चांगल्या मनानेच करत होता. हा भाग कोणाकडेच नाही, एवढं त्यालाही कळलं असावं. माझ्याकडेही नव्हता. इतकी वर्षं तो मिळावा असं मला वाटत आलं होतं.

मी मोबाइलवर तळवा ठेवला.

"काय झालं काका?" सुदाम कुजबुजला. "नंतर ऐकायला होईल ना."

मी हात काढला नाही. त्याने जरा जोर लावला, मग म्हातारा माणूस म्हणून सोडून दिलं. भिंतीवरचा चौक कडेने वाळून पांढरा होत चालला होता. बुधीबाईने शेवटचं नाव घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि पुष्पाला म्हणाली, "आता आणा तुमचा भट. जागा रिकामी हाय."